आज दिवसभर दुकानात फक्त सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटारी

बजेट एवढंसं आणि डोक्यात मात्र गिब्सनची ईएस-३३५, १९५८ साली आलेली ती, पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा असलेली. सगळी गंमत त्या ठोकळ्यातच आहे, कारण पूर्ण पोकळ गिटार अँपचा आवाज वाढवला की फीडबॅक देत (अँपचा आवाज परत गिटारीत शिरून) कोकलायला लागते आणि हा ठोकळा ते बऱ्यापैकी आवरतो. एपिफोनची कसिनो लांबून बघितली तर अगदी तशीच वाटते पण आतून अख्खी पोकळ, मी जवळजवळ फसलोच होतो, एफ-होलमधून, म्हणजे वरच्या f आकाराच्या भोकातून, मोबाईलचा टॉर्च मारला तेव्हा कळलं 😅 ब्लूजवाला गिटारिस्ट बी. बी. किंग म्हणे फीडबॅक थांबवायला एफ-होलमध्ये कापडं कोंबायचा, म्हणजे थोरामोठ्यांनाही हा ताप होताच.

मग एपिफोन डॉट आणि आयबानेझची एक आर्टकोर, दोन्ही तासभर आधी अँपशिवायच वाजवल्या. स्वस्तातल्या गिटारीत पिकअपपेक्षा (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) नेक, म्हणजे मान, आणि तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बघायचे असं माझं ठाम मत, पिकअप नंतर बदलता येतात, पिळलेल्या नेकचं काय करणार? अर्थात बदलणंही सोपं नाही हां, मागे झाकण नसतं, पॉट (आवाज-टोनच्या बटणांचे भाग), स्विच, वायरी सगळं दोऱ्याला बांधून एफ-होलमधून ओढायचं.

डॉटचा आवाज जास्त आवडला पण नेक जाड, आर्टकोर हातात मस्त बसली पण वरच्या फ्रेटवर एक तार बझ करत (फ्रेटला लागून झणझणत) होती, सेटअपने (तारांची उंची वगैरे नीट लावून) जाईल बहुतेक. घेतली नाही अजून. उद्या स्वतःची केबल घेऊन परत जातो.