आयटी सपोर्टला आणखी एक माणूस हवा, हे साहेबांना कसं पटवायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुतेक असाच येतो: "सपोर्टला मी एकटाच. माणूस मागितला की 'पुढच्या बजेटला बघू' म्हणतात. काय करू?"

आपण किती दमतो ते सांगू नका. बाकीच्यांचं काम किती वेळ अडून राहतं, ते दाखवा.

त्यासाठी तीन महिने प्रत्येक तक्रारीचं तिकीट, म्हणजे वेगळी नोंद, काढा. जीएलपीआय हे तिकिटं नोंदवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, नाहीतर एक्सेल आहेच. तक्रार कधी आली, हातात कधी घेतली, कधी सुटली, तोवर किती जण बसून होते, एवढं लिहा. लोक जिन्यात गाठून सांगतात, व्हॉट्सॲप करतात, नोंद राहत नाही आणि कागदावर तुम्ही रिकामे दिसता. म्हणून तोंडी तक्रारीचंही तिकीट तुम्हीच काढा.

आता हिशेब. समजा, महिन्याला २३४ तिकिटं, सरासरी ३० मिनिटांची. झाले ११७ तास. रजा, मीटिंग, पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या), बॅकअप वगळून तुमच्याकडे १३० तास उरतात, म्हणजे तुम्ही ९० टक्के व्यग्र. साहेब म्हणतील, "१३ तास शिल्लकच आहेत की!" खरी मेख इथेच आहे. तिकिटं सारख्या अंतराने येत नाहीत, प्रत्येकाला लागणारा वेळही वेगळा. रांगांच्या गणितानुसार एकटा माणूस ५० टक्के व्यग्र असेल तर तक्रार सरासरी अर्धा तास थांबते, ८० टक्क्यांना दोन तास, ९० टक्क्यांना साडेचार तास. तेवढ्याच कामाला दुसरा माणूस आला की हीच वाट पाहणं आठेक मिनिटांवर येतं. अर्ध्यावर नव्हे, आठ मिनिटांवर! अर्जात हा आकडा सगळ्यात वर हवा.

रुपयांत मांडताना ज्यांचं काम पूर्ण बंद होतं तेवढेच तास धरा. फुगवलेला आकडा फायनान्सवाले पहिल्या फटक्यात पकडतात आणि मग खराही मानत नाहीत.

पासवर्ड रिसेट लोकांचे लोकांना करता येईल, अशी सोय आधीच करून ठेवा. पहिला आक्षेप तोच असतो. 'एएमसीवाला (वार्षिक देखभाल कंत्राटाचा माणूस) आहे ना' हा दुसरा. तो बिघडलेला प्रिंटर बघेल, नव्या माणसाचं लॉगिन आणि परवानग्या नाही बघणार.

शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, लॉग (यंत्रणांमधल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. तुम्ही रजेवर असताना हे कोण करणार, एवढंच लेखी विचारा.

तरीही कायम जागा नाही म्हणाले, तर सहा महिन्यांच्या करारावर माणूस मागा आणि तिकिटांची नोंद चालूच ठेवा.