उपप्रश्न

अधिवेशन लागलं की टीव्हीवर विधानभवनाच्या पायऱ्या दिसायला लागतात. फलक, घोषणा, कुणाच्या तरी गळ्यात कांद्याची माळ. मला मात्र तारांकित प्रश्नोत्तरांची, म्हणजे ज्यांवर मंत्र्याला सभागृहात उभं राहून बोलावं लागतं अशा प्रश्नांची, छापील यादी वाचायचा नाद आहे. चारचौघांत सांगावा असा हा छंद नाही, पण आहे. बाहेर सरकार पडणार की राहणार याची चर्चा रंगलेली असते आणि यादीत कुठल्यातरी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातलं एक्स-रे यंत्र तंत्रज्ञाअभावी बंद असतं. मला त्या यंत्राचं पुढे काय झालं यात जास्त रस.

यादीचा साचा ठरलेला. ‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ असं म्हणून आमदार पहिल्याच कलमात सगळी तक्रार एका दमात सांगून टाकतो. अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी नसल्याने प्रसूतीसाठी आलेल्या महिलांना जिल्ह्याच्या गावी पाठवावे लागत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? मग ‘असल्यास’ची दोन कलमं, आणि शेवटी हमखास ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तराच्या बाजूलाही तेवढीच शिस्त. ‘हे खरे नाही’ असं पहिल्या कलमाला म्हटलं की बाकीच्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. चार ओळींत सगळे मोकळे.

‘हे अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं की मी सावरून बसते. पद अंशतः रिक्त कसं असेल, असं वाटतं खरं. पण असतं. पद कागदावर भरलेलं असतं, त्या पदावरचा डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे असतो आणि पगार इथून निघत असतो. किंवा बंधपत्रित, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ सरकारी सेवा करायचं लिहून दिलेला, डॉक्टर रुजू झालेला असतो, पण पुढच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी रजेवर असतो. यातला एकही माणूस खोटं बोलत नाही. बाळंतीण मात्र जीपमध्ये बसून जिल्ह्याला जाते.

प्रश्न विचारणाऱ्यावरही बंधनं आहेतच. लोकसभेच्या नियम ४१ प्रमाणे प्रश्न साधारण दीडशे शब्दांत बसायला हवा आणि त्यात युक्तिवाद, आरोप, विशेषणं चालत नाहीत. उपरोधही चालत नाही. आपल्याकडे उपरोधाशिवाय साधी रिक्षा थांबवता येत नाही, आणि इथे मंत्र्याला प्रश्न विचारायचा तो कोऱ्या चेहऱ्याने.

एका प्रश्नामागे खाली केवढी धावपळ होते ती सभागृहात दिसत नाही. मंत्रालयातल्या कार्यासनावरून संचालनालयाला, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला फोन जातो. ‘साहेब, तारांकित आलाय. पाचच्या आत अहवाल पाठवा.’ अधिवेशनाच्या काळात रजा मिळत नाहीत. तालुका आरोग्य अधिकारी आरोग्य केंद्राच्या दारात उभा राहून मोबाइलवर फोटो काढतो, शिपाई मागच्या बाजूचं गवत उपटत असतो, औषधांच्या नोंदवहीत राहिलेल्या सह्या मारल्या जातात. मग तो अहवाल एकेक पायरी वर चढतो आणि प्रत्येक पायरीवर त्याची एकेक धार बोथट होते. खालून लिहून गेलेलं असतं, ‘छताचा तुकडा पडून परिचारिका जखमी झाली’. वर पोचेपर्यंत त्याचं ‘इमारतीस किरकोळ दुरुस्तीची आवश्यकता आहे’ होतं. तरीही माझं म्हणणं, ते गवत उपटलं गेलं ना? त्या प्रश्नाविना तेही झालं नसतं.

खरी गंमत मात्र छापील उत्तरात नसते, ती त्या उत्तरावर सभागृहात तिथल्या तिथे विचारलेल्या उपप्रश्नात असते. लेखी उत्तर सचिवांनी नजरेखालून घातलेलं असतं; उपप्रश्नाला मंत्र्याला उभ्या उभ्या बोलावं लागतं. अधिकारी दीर्घेतून चिठ्ठ्या पाठवतात, तोवर ‘अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा प्रश्न उपस्थित केलेला आहे’ हे वाक्य शक्य तितकं सावकाश म्हणायचं असतं. इंग्रजांना हे बरोबर कळलं होतं. १८९२च्या कायद्याने त्यांनी कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा दिली, उपप्रश्नाची दिली नाही. तो हक्क १९०९ साली मिळाला, आणि तोही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्याच्यापुरता. प्रश्नाला घाबरायचं कारण नव्हतं. त्याचं उत्तर आधी लिहून ठेवता येतं.

उपप्रश्नाला आवाज लागत नाही, माहिती लागते. समजा, मंत्र्यांनी ठणकावून सांगितलं की केंद्रातली दोन्ही पदं भरलेली आहेत. आरडाओरडा करणारा आमदार म्हणेल, ‘मंत्री सभागृहाची दिशाभूल करत आहेत,’ आणि पुढची पाच मिनिटं गोंधळात जातील. जो त्या केंद्रात जाऊन आला आहे तो एवढंच विचारेल, ‘डॉक्टर रात्री कुठे राहतात?’ आता उत्तर द्यावं लागतं. तालुक्याला राहतात. मुख्यालयी, म्हणजे केंद्राच्याच गावी, का राहत नाहीत? निवासस्थान राहण्यायोग्य नाही. कधीपासून? चिठ्ठी येते. दुरुस्ती कोण करणार? जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. म्हणजे ग्रामविकास खातं. आरोग्यमंत्री हळूच शेजारच्या बाकाकडे बघतात.

चार उपप्रश्नांत आरोग्याचा प्रश्न घराचा झाला. छताला भोक आहे म्हणून डॉक्टर रात्री नाही, आणि डॉक्टर रात्री नाही म्हणून साप चावलेल्या माणसाला शंभर आठ नंबरची वाट बघावी लागते. पण यादीत गृहनिर्माण वेगळं, आरोग्य वेगळं, बहुतेक वेळा उत्तराचा वारही वेगळा.

घरांच्या प्रश्नांचीही हीच गत. संक्रमण शिबिरात दोन पिढ्या काढलेली कुटुंबं, रखडलेला पुनर्विकास, विकासकाने थकवलेलं भाडं, गिरणी कामगारांची सोडत. उत्तरात चौरस फुटांची रेलचेल असते. झोपडपट्टी पुनर्वसनात आधी २२५, मग २६९, आता ३०० चौरस फूट. बीडीडी चाळीत १६० च्या खोलीच्या जागी ५००. या आकड्यांवर सदस्य तावातावाने बोलतात आणि बोलावंच, एकेक फूट माणसाने भांडून मिळवलेला आहे. पण खिडकी उघडल्यावर समोर काय असतं, हा उपप्रश्न मी फारसा वाचलेला नाही.

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंड आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंडमध्ये खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची खिडकी येते. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत मिळते, त्यामुळे त्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावायचा, खिडकी उघडी ठेवली तर वरून कचरा येतो म्हणून ती बंद करायची. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने इथल्या घरांचा अभ्यास केला तेव्हा ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. झोपडीतून पक्क्या घरात गेलेलं कुटुंब गृहनिर्माणाच्या उत्तरात ‘पुनर्वसित’ असतं. आरोग्याच्या उत्तरात तेच कुटुंब ‘नोंदणीकृत रुग्ण’ म्हणून येतं. एकाच दाराची दोन उत्तरं दोन खात्यांत, आणि दोन्ही खरी.

ज्या मुंबईत हे घडतं त्या मुंबईला घर आणि आजार यांचं नातं नव्याने शिकवायची गरज नव्हती. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला आणि १८९८ साली शहर सुधारणा ट्रस्ट उभा राहिला. कोंदट वस्त्या पाडून रुंद रस्ते आणि हवेशीर वस्ती करायची, हा त्याचा हेतू. पाडलं पुष्कळ आणि बांधलं कमी, तो भाग वेगळा. पण या शहराची सरकारी घरबांधणी रोगाच्या भीतीतून सुरू झाली एवढं खरं.

ब्रिटनमध्ये तर १९१९ साली आरोग्य मंत्रालय स्थापन झालं तेव्हापासून १९५१ पर्यंत घरबांधणी त्याच खात्याकडे होती. अन्यूरिन बेव्हन १९४५ साली आरोग्यमंत्री झाले. ५ जुलै १९४८ ला मोफत आरोग्य सेवा सुरू करणारे तेच आणि युद्धात पडलेल्या शहरांत सरकारी घरं बांधून घेणारेही तेच. घरं हळू होतायत म्हणून विरोधक त्यांना सभागृहात धारेवर धरत. निदान ‘हा विषय माझ्याकडे येत नाही’ म्हणायची त्यांना सोय नव्हती.

आपल्याकडे ती सोय ऐसपैस आहे. एकट्या मुंबईचं बघा. म्हाडा आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण गृहनिर्माणाकडे, एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, वसाहती नगरविकासकडे. जे. जे. रुग्णालय वैद्यकीय शिक्षणाकडे, केईएम महापालिकेचं. खालच्या मजल्यावर खोकणाऱ्या माणसाबद्दल विचारायचं तर कुणाला विचारायचं?

मी आमदार नाही, होण्याची भीतीही नाही, पण एकदा गंमत म्हणून हा प्रश्न नमुन्यात बसवून पाहिला. ‘अमुक वसाहतीतील तळमजला ते तिसऱ्या मजल्यावरील सदनिकांमध्ये सूर्यप्रकाश पोहोचत नसल्याने रहिवाशांना क्षयरोगाची लागण होत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय?’ पुढची कलमं भराभर सुचली. असल्यास, इमारतींमधील अंतर कोणी मंजूर केले. असल्यास, पुढील योजनांत ते वाढवण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे. सगळं कसं चोख बसलं. अडलं ते वरच्या ओळीवर, ‘सन्माननीय’ आणि ‘मंत्री’ यांच्या मधल्या जागेत. तिथे एकाच खात्याचं नाव लिहायचं असतं. गृहनिर्माण लिहिलं तर ते नगरविकासकडे वर्ग करतील, नगरविकासने आरोग्याकडे केला तर आरोग्य महापालिकेकडून माहिती मागवेल, आणि तोपर्यंत अधिवेशनाचं सूप वाजलेलं असेल.