आमची वाटचाल: नवतप्यातलं चॉकलेट

नागपुरात राहून चॉकलेटचा धंदा काढते म्हटल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "थंडीत ठीक आहे. उन्हाळ्यात काय पाजशील काय लोकांले?" मी हसले. 2012 ची दिवाळी तोंडावर होती. दोन दिवसांचा क्लास केला होता, इतवारीच्या बाजारातून साचे, रंगीत फॉइल आणि वितळवून ओतायच्या कंपाउंड चॉकलेटच्या लाद्या आणल्या होत्या. दिवाळीचे डबे गेले, नाताळचे गेले, संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणासाठी छोटी चॉकलेटं गेली. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री आली तेव्हा त्यांच्या साली साखरेत मुरवून चॉकलेटमध्ये बुडवल्या, त्याही खपल्या. मला वाटलं, जमलं.

मे 2013 मध्ये वर्ध्याच्या एका लग्नाची ऑर्डर आली. रुखवतासाठी नऊ किलो चॉकलेट. रात्री दोनपर्यंत जागून फॉइल गुंडाळले आणि सकाळच्या बसच्या डिकीत खोकी चढवली. त्याच महिन्यात नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता, हे वेगळं सांगायला नको. दुपारी नवरीच्या आईचा फोन आला, "अहो, हे दाबलं की चपटं होतंय." पुढचं ऐकायची गरज नव्हती. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर ते तोंडात टाकलं की विरघळतं. कंपाउंडमध्ये त्याच्या जागी दुसरं वनस्पती तेल असतं, ते थोडं जास्त तग धरतं. पण मे महिन्यातल्या बसच्या डिकीपुढे दोघांचीही मात्रा चालत नाही. सगळे पैसे परत केले. बसवाल्याशी भांडायला तोंड नव्हतं, कारण अक्कल माझीच गहाण होती.

त्याच उन्हाळ्यात दुसरी गोष्ट कळली. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर. मी साचे कूलरच्या खोलीत ठेवले, थंड राहतील म्हणून. दोन दिवसांनी सगळ्या चॉकलेटची चकाकी गेली, वर पांढुरकी खरखरीत साय धरल्यासारखी. कूलर थंड हवा देतो, पण ओली. ती ओल चॉकलेटच्या अंगावर बसते, वरची साखर त्यात विरघळते आणि वाळली की पांढरी होऊन वर येते. खायला वाईट नाही, विकायला मात्र लाज वाटते. एसी घ्यायची ऐपत नव्हती. मग ठरवलं, एप्रिल ते जून दुकान बंद.

अशी तीन वर्षं गेली. वर्षातले तीन महिने कमाई शून्य आणि लादीवाल्याची उधारी तशीच.

2016 च्या मे महिन्यात पुण्याहून भाचरं आली. दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, मोबाइलवरून मारामाऱ्या. वैतागून मी मारीच्या बिस्किटांचा पुडा पुढ्यात टाकला आणि म्हटलं, कुटा. त्या दुपारी मारी रोल झाला. दुसऱ्या दिवशी शेजारची दोन पोरं आली, तिसऱ्या दिवशी त्यांच्या आया आल्या. "आमच्याही पोट्ट्यांना बसवा ना, काय घ्यायचं ते घ्या." सात मुलं, जेवणाचं टेबल, दीडशे रुपये फी. उन्हाळ्यात चॉकलेट विकता येत नाही, पण शिकवता येतं, आणि शिकवलेलं थेट फ्रीजमध्ये जातं, हे डोक्यात यायला मला चार वर्षं लागली होती. जे मुळात गारच खायचं, तेच करायचं. उन्हाशी भांडण संपलं.

मारी रोल अजूनही पहिल्या दिवशीचा पदार्थ आहे, कारण त्यात गॅस नाही. दोनशे ग्रॅम बिस्किटांचा चुरा, तीन चमचे कोको, चार चमचे पिठीसाखर, दोन चमचे पातळ केलेलं लोणी. दूध चमच्याचमच्यानेच घालायचं. इथेच सगळे फसतात. मुलं वाटी उलटी करतात आणि कणकेऐवजी लापशी होते. म्हणून आम्ही दुधाची वाटी देतच नाही, प्रत्येकाच्या हातात फक्त चमचा असतो. गोळा बटर पेपरवर लाटायचा, वर सुकं खोबरं, लोणी आणि साखर कालवून पसरायचं, सुरळी करून तीन-चार तास फ्रीजमध्ये. ओलं नाही, सुकंच खोबरं. ओल्या खोबऱ्याचा रोल दुसऱ्या दिवशी आंबतो. आणि कापायची घाई नको. दर वर्षी संध्याकाळी सहाच्या सुमाराला कोणाचा तरी फोन येतोच, "काकू, आता कापू काय?" मी म्हणते, "दाबून बघ, बोट उमटतं?" "उमटतं." "मग नाही."

फुग्याची गोष्ट सांगितली पाहिजे. चॉकलेटची वाटी करायची, त्यात आइस्क्रीम घालायचं. छोटा फुगा अर्धा फुगवून पातळ चॉकलेटमध्ये बुडवायचा, थंड झाला की फुगा टोचून काढायचा. दुसऱ्या वर्षीच्या बॅचमध्ये एका मुलाने, असेल दहा-अकराचा, सगळ्यांच्या आधी फुगा बुडवला. मी ओरडेपर्यंत तो खाली गेला होता. चॉकलेट नुकतंच आचेवरून उतरवलेलं. फुगा फुटला. भिंत, पंखा, माझा चष्मा, सासूबाईंची पांढरी साडी. क्षणभर कोणी श्वास घेईना. मग तो स्वतःच हळूच म्हणाला, "काकू, हे फुटून राहिलं ना!" पंख्याच्या पात्यावरचा तो डाग आम्ही मुद्दाम बरेच दिवस ठेवला होता. आता नियम असा की चॉकलेटचा थेंब खालच्या ओठाखाली लावून बघायचा, गरम वाटला नाही तरच फुगा. फुगा आधी पुसून त्याला तेलाचं बोट लावायचं.

आणि पाणी. चॉकलेट वितळवताना त्यात एक थेंब पडला की सगळ्याची वाळूसारखी रवाळ गोळी होते. मुलांना मी असं सांगते, कोरड्या पिठीसाखरेवर थेंब पडला की गोळी होते ना, तसंच. चॉकलेट म्हणजे तेलात तरंगणारी साखर आणि कोको. थोडं पाणी मिळालं की साखर एकमेकीला चिकटते. गंमत अशी की गोळी झालेलं चॉकलेट टाकून द्यायचं नसतं. त्यात चमचा-चमचा गरम दूध घालून ढवळत राहायचं, ते पुन्हा सैल होतं. साच्यात ओतता येत नाही, पण आइस्क्रीमवर घालायला सॉस तयार. पहिल्यांदा मी ते मोरीत ओतलं होतं. मोरी तुंबली ती वेगळीच. या पाण्यापायीच सासूबाई आता दारात नॅपकिन घेऊन बसतात. हात कोरडे दाखवल्याशिवाय टेबलाजवळ कोणाला सोडत नाहीत.

मुलांना सर्वांत आवडतं ते बर्फाचं आइस्क्रीम. अर्धा लिटर दूध, दोन मोठे चमचे कोको, एक चमचा कॉर्नफ्लोअर, सहा चमचे साखर, हे आम्ही आधी शिजवून गार करून ठेवतो. गरम असताना चाखलं तर जास्त गोड वाटतं. वाटू द्यायचं, कारण जीभ गारठली की गोडी कमी लागते. ते घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात, तो डबा मोठ्या डब्यात, भोवती गोणपाटात कुटलेला बर्फ आणि वर खडेमीठ, किलोला पावशेर. मिठाने बर्फ वितळतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढतो आणि शून्याच्या बराच खाली जातो. डबा टॉवेलात गुंडाळून हलवायचा, उघड्या हाताने धरला तर चटका बसतो. दर तीन-चार मिनिटांनी उघडून कडेचं खरवडायचं, झाकणावरचं मीठ आधी पुसून. बाहेर 45 अंश आणि आत पोरं "हात गारठले" म्हणून ओरडतात, हे ऐकायला मजा येते.

आंबा घालायचा तर आमच्याकडे बैगनफल्ली. हापूस इथपर्यंत येतो तोवर त्याचा भाव ऐकूनच गारठा भरतो. बैगनफल्लीच्या फोडी काचेच्या ग्लासात, वर लादी आणि फ्रेश क्रीम वितळवून केलेलं घट्ट चॉकलेट, पुन्हा फोडी. एवढंच. हे सहा वर्षांच्या मुलाला एकट्याने जमतं. एक मात्र, छोट्या खोक्यातलं फ्रेश क्रीम फेटून फुलत नाही, त्यात स्निग्धांश कमी असतो. त्याचं मूस, म्हणजे फेटून हलकं केलेलं पुडिंग, करायला जाऊन मीच एकदा अर्धा तास बीटर फिरवत बसले होते.

मध्ये 2020 आलं. मे महिन्यात घरातून व्हॉट्सॲपवर वर्ग घेतले, ज्याच्या फडताळात जे असेल त्यावर. कोको नसला तर बोर्नव्हिटा. पैसे मागायची हिंमत झाली नाही, पण ज्यांनी पाठवले ते घेतले. 2021 चं काही लिहावंसं वाटत नाही.

2022 मध्ये त्रिमूर्ती नगरात एक खोली भाड्याने घेतली आणि शेवटी एसी लागला. एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याची, नोंदणी तर सुरुवातीच्या वर्षांतच केली होती. छोट्या धंद्याला तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती, त्यासाठी टाळाटाळ कशाला? आता दोघी मदतनीस आहेत. सकाळी आठ ते दहा, बारा मुलांचीच बॅच, कारण दहानंतर घरी न्यायला येणाऱ्या आजोबांचे हाल होतात. नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाचे, नऊ दिवस सुट्टी. तरी विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे जूनमध्ये आमच्या हाती आणखी एक-दोन बॅच लागतात.

पालकांचा नेहमीचा प्रश्न, कंपाउंड का, खरं चॉकलेट का नाही? स्पष्ट सांगते. खऱ्या चॉकलेटचं टेम्परिंग करावं लागतं. पंचेचाळीसपर्यंत तापवायचं, सत्तावीसवर आणायचं, पुन्हा एकतीसवर. एका अंशाने चुकलं तर फसतं. बारा मुलांच्या गोंधळात ते होणार नाही. दिवाळीच्या डब्यांत मात्र खरंच असतं, आणि भावही तसाच. 2024 मध्ये आयव्हरी कोस्ट आणि घानात कोकोचं पीक बसलं आणि डिसेंबरात जगाच्या बाजारात टनाला बारा हजार डॉलरच्या वर भाव गेला, तेव्हा इतवारीतला लादीवाला आठवड्याआठवड्याला नवा आकडा सांगायचा. डब्याची किंमत वाढवली, वर्गाची फी नाही. 2025 च्या सप्टेंबरात चॉकलेटवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचवर आला तेव्हा जरा श्वास घेतला.

उन्हाळा आता वर्षाची निम्मी कमाई देतो. पावसाळ्यात लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्याला चॉकलेटचे बैल जातात. त्याचा साचा इथेच करून घेतला, पहिल्या खेपेला शिंगं साच्यातच राहायची. फुगा फोडणारा तो मुलगा आता कॉलेजात आहे, मे महिन्यात मदतीला येतो. बर्फ कुटतो, लाद्या वितळवतो, लहान मुलांना दमात घेतो. फुगा बुडवायची वेळ आली की मात्र दोन पावलं मागे सरकतो.