शिप्रा, पुवा आणि नंदगडची वाट

पहाटे चारला बेळगावच्या कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलच्या फाटकाशी आम्ही अकरा जण जमलो. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला तिसरा शुक्रवार होता. लाकडी क्रूस एकच, माणसाच्या उंचीचा. खांद्याला रुतू नये म्हणून कुणीतरी त्याला जुन्या टॉवेलची घडी बांधली होती. क्रुसाची वाट म्हणजे येशूच्या मरणवाटेवरचे चौदा प्रसंग, एकेका स्थानी थांबून प्रार्थना करायची. बेत असा होता की त्यातली तेरा स्थानं खानापूरपर्यंत रस्त्यात करायची, रात्री खानापुरात मुक्काम करायचा आणि चौदावं स्थान शनिवारी सकाळी नंदगडच्या क्रुसापाशी.

वारी हा शब्द मला समोरच्या घरातल्या आज्जींनी दिला. त्या स्वतः पंढरपूरला पायी जाऊन आलेल्या. आदल्या रात्री खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "नवी चप्पल घालू नको गं, जुनीच घाल. पाय दुखले म्हणून सारखी बसू नको. नाव घेत चाल." मग दारातून परत वळून म्हणाल्या, "आमची आषाढात, तुमची फाल्गुनात. वारी ती वारीच की."

मी का निघाले होते ते त्यांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी नर्स आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेजवळच्या एका खासगी दवाखान्यात नऊ वर्षं लेबर रूममध्ये काम केलं. शेवटचे चौदा महिने तिथे जे चाललं होतं ते मला कळत होतं. सीमेच्या एका बाजूच्या बायका दुसऱ्या बाजूला यायच्या, कारण तिथे ओळख निघत नाही. सोनोग्राफी व्हायची. भिंतीवर नेहमीची पाटी होतीच, इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, कायद्याने गुन्हा आहे. कायदा 1994 चा आहे, नर्सिंग शिकताना आम्ही तो पाठ केला होता. दर तपासणीमागे एफ फॉर्म भरावा लागतो आणि त्यात तपासणीचं कारण लिहावं लागतं. ते कारण मला सांगितलं जायचं, मी लिहायची. अक्षर माझं. काही दिवसांनी त्यांतली एखादी बाई रिकाम्या पोटाने घरी जायची आणि सासू सगळ्यांना सांगायची की गर्भ राहिला नाही.

डॉक्टरांनी मला कधी धमकी दिली नाही. एकदाही आवाज चढवला नाही. माझ्या मुलीची नर्सिंग कॉलेजची पहिल्या वर्षाची फी त्यांनी भरली होती, आणि वर म्हणाले होते, "सिस्टर, परत करायची घाई नाही." बस, एवढंच. मी त्यांना भीत नव्हते, त्यांची मला भीड पडली होती. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते खोटं नाही. मिंध्या माणसाची जीभ आधी जड होते, मग हातही दुसऱ्याचा होतो. शेवटी गुडघ्याचं कारण सांगून मी नोकरी सोडली, आणि गप्प राहिले.

तिसरा रेल्वे गेट ओलांडला तेव्हा अंधारच होता. पहिलं स्थान उद्यमबागेच्या पुढे झालं, रोमन सुभेदार पिलात येशूला मरणदंड देतो ते. फादरनी एकच गोष्ट सांगितली. पिलाताला येशू निर्दोष आहे हे कळलं होतं, त्याने ते तोंडानेही बोलून दाखवलं. पण गर्दी ओरडली की याला सोडलंस तर तू कैसराचा मित्र नव्हेस, आणि तिथे त्याचे पाय लटपटले. मग त्याने पाणी मागवून हात धुतले. दिवसातून पन्नास वेळा कोपरापर्यंत हात धुणारी मी, त्या अंधारात दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी राहिले.

पिरनवाडी, मच्छे, मग प्रभूनगर. उजाडल्यावर गाड्या वाढल्या. माल भरलेले ट्रक इतके जवळून जायचे की क्रूस धरणारा हलायचा. प्रार्थना ज्याच्या त्याच्या भाषेत चालली होती. खानापूरकडच्या दोघी कोकणीत म्हणायच्या, आम्ही पाच-सहा जण मराठीत, आणि बैलहोंगलची एक आक्का कन्नडमध्ये. निघताना मला वाटलं होतं की कुणाची आधी, कुणाची नंतर यावरून कुरबुर होईल. आपल्या भागात दुकानात शिरतानासुद्धा कोणत्या भाषेत तोंड उघडावं याचा माणूस आधी अंदाज घेतो. बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो की पेत्र आधी परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसायचा, पण यरुशलेमकडची मंडळी आल्यावर भिऊन मागे सरला. एवढा मोठा प्रेषित, आणि भ्यायला तो पंगतीतल्या नजरांना. पौलाने त्याला सगळ्यांदेखत टोकलं. आमच्या अकरांत मात्र चौथ्या स्थानापर्यंत सगळ्यांची "आमेन" एका सुरात यायला लागली होती.

गणेबैलच्या टोलनाक्याच्या अलीकडे झाडाखाली बसून पेज आणि लोणचं खाल्लं. तिथे फादरनी विचारलं, की पवित्र आत्म्याच्या सात दानांत परमेश्वराचं भय का आहे? ज्ञान, सामर्थ्य ही दानं समजतात. भय हे दान कसं?

दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या संस्काराच्या वेळी मी ही सात नावं पाठ केली होती, आणि तेव्हाही हाच प्रश्न पडला होता. पण आता मला माझे बाबा आठवले. रेल्वेत गँगमन होते. आयुष्यात त्यांनी मला मारलं नाही. सातवीत मी गणिताच्या पेपरात बघून लिहिलं आणि पकडले गेले. बाबा काही बोलले नाहीत. त्या रात्री फक्त ताट पुढे सारून उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर पुन्हा कधी बघून लिहायचा विचार मनात आला की ते न जेवलेलं ताट डोळ्यांपुढे यायचं. ती भीती माराची नव्हती. त्या माणसाला आपल्याकडून दुखापत होऊ नये, त्याच्यापासून आपण तुटू नये, याची होती. फादर म्हणाले, "गुलामाचं भय वेगळं, लेकराचं वेगळं. संत ऑगस्टिनने हा फरक फार पूर्वी सांगून ठेवलाय."

इथे मला थोडं रागाने लिहायचं आहे. देवाच्या भयाच्या नावाखाली आपण पोरांना फार वाईट गोष्टी शिकवतो. देव डोळे फोडील, देव बघून घेईल. काही प्रार्थनासभांतही नरकाची वर्णनं अशी रंगवतात की माणसं रडत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी साहेबापुढे तितकीच वाकतात. असलं भय माणसांच्या भीतीवर उतारा होऊच शकत नाही, ते तिच्यातच भर घालतं. मत्तयच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, शरीराचा घात करणाऱ्यांना भिऊ नका, त्याला भ्या जो आत्मा आणि शरीर दोहोंचा नाश करू शकतो. लोक इथेच थांबतात. पण त्याच दमात तो चिमण्यांचं सांगतो. दमडीला दोन मिळतात, तरी पित्याला सोडून एकही जमिनीवर पडत नाही. तुमचे डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत, म्हणून भिऊ नका. ज्याला भ्यायचं तोच चिमण्या मोजतो.

ते चिमण्यांचं वाक्य माझ्या अंगावर आलं. माझ्या हातच्या कागदांवर ज्यांची नोंद खोटी झाली, त्यांची मोजदाद कुठेतरी खरी झालेली होती.

दुपारनंतर ऊन वाढलं. डांबर चपलेला चिकटायला लागलं. क्रूस माझ्या खांद्यावर आला तेव्हा पाचवं स्थान होतं, शिमोन कुरेनेकर मदतीला येतो ते. बैलहोंगलची आक्का मागून फळी धरून चालत होती. तिने विचारलं, "सिस्टर, का रडतेस गं?" मी सगळं सांगितलं. चालत, मागे न बघता, तुटक तुटक. फादरना नाही, तिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या शास्त्रात दोन सुइणी आहेत की. मिसरातल्या."

बायबलमधल्या निर्गमच्या पहिल्याच अध्यायात आहेत. शिप्रा आणि पुवा. मिसरच्या राजाने, फारोने, त्यांना सांगितलं, इब्री बायकांना मुलगा झाला तर मारा, मुलगी झाली तर राहू द्या. पण त्यांनी देवाचं भय धरलं आणि मुलगे जगू दिले. फारोने बोलावून जाब विचारला तेव्हाही डगमगल्या नाहीत. किती वेळा वाचलेली गोष्ट. पण त्या माझ्याच कामातल्या होत्या, नाळ कापणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या, हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा जाणवलं. तिथे मुलग्यांना मारायचा हुकूम होता, इथे मुलींना. आणखी एक. त्या अध्यायात राजाचं स्वतःचं नाव नाही, नुसताच फारो. सुइणींची नावं मात्र लिहिलेली आहेत.

खानापुरात पोचेस्तोवर दिवेलागण झाली. मलप्रभेच्या पाण्यात पाय सोडून बसलो. आज्जींचं तेल सगळ्यांना पुरलं.

शनिवारी सकाळी नंदगडात शिरताना इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी लागली. इंग्रजांनी त्यांना 26 जानेवारी 1831 रोजी इथेच वडाच्या झाडाला फाशी दिलं. आम्ही थांबून हात जोडले. त्याच 1831 साली बेळगावात बाबा पदमनजी जन्मले, मराठी ख्रिस्ती साहित्यातलं फार मोठं नाव. त्यांनी 1854 मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. मन आधीच वळलेलं होतं, पण उघड पाऊल टाकायला वेळ लागला. त्यांना अडवणारा फास दोराचा नव्हता, घरच्यांच्या मायेचा होता. रायण्णासारखा गळफास समोर दिसला तर कदाचित माझ्यासारखीलाही धीर आला असता. पण फीची पावती, चहाचा कप, आदराने मारलेली "सिस्टर" ही हाक, यांच्यापुढे उभं राहणं मला जमलं नव्हतं.

चौदावं स्थान नंदगडच्या क्रुसापाशी झालं. येशूला कबरेत ठेवतात. अरिमथाईचा योसेफ यहूद्यांच्या भीतीने गुप्तपणे शिष्य होता असं योहान लिहितो. सगळं संपल्यावर, शिष्य पळून गेल्यावर, तोच माणूस धीर करून पिलाताकडे गेला आणि शरीर मागितलं. उशिरा गेला, पण गेला. मी तिथेच गुडघे टेकून फादरकडे पापनिवेदन केलं. मग मुलीला फोन लावला. फीचं सांगितलं, फॉर्मचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. शेवटी म्हणाली, "आई, ते पैसे आपण महिन्याला थोडे थोडे परत करू. मी शिकवणी घेते. तू लिही."

एफ फॉर्म दोन वर्षं सांभाळून ठेवावे लागतात. माझ्या अक्षरातल्यांची मुदत अजून संपलेली नव्हती.

परतीच्या वाटेवर खानापूर बसस्टँडवर बेळगावच्या गाडीला अवकाश होता. आक्काने पिशवीतून वही काढली. म्हणाली, "सरकारी अर्ज कन्नडात दिला की लवकर वाचतात. तू सांग, मी लिवतो की." मी सांगत गेले, महिना, किती जणी आल्या, कोणत्या रकान्यात काय लिहायला लावलं. माझ्या हातून काय झालं तेही पहिल्याच परिच्छेदात घालायला सांगितलं. ती थांबली, म्हणाली, "हे नको असेल तर सोडू या." मी म्हटलं, राहू दे.

पानाच्या तळाशी आल्यावर तिने पेन वर धरलं. "नाव घालायचं, का बिननावी देऊ या? तसेही घेतात."

मी पेन तिच्या हातातून घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं, मराठीत, त्याच अक्षरात.