स्प्लिट: बिऱ्हाडं असलेला रोमन राजवाडा

क्रोएशियाला निघालेल्या ओळखीच्यांकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ‘डायोक्लेशनच्या राजवाड्याचं तिकीट किती?’ क्रोएशियातल्या स्प्लिट या समुद्रकाठच्या शहरातल्या या रोमन राजवाड्याला तिकीट नाही. त्याचे चारही दरवाजे रात्रंदिवस उघडे असतात, कारण आत लोक राहतात. रोमन भिंतीत बसवलेल्या खिडक्यांमधून दोरीवर कपडे वाळत असतात, खाली न्हाव्याचं दुकान असतं, बोळात मुलं चेंडू खेळत असतात. तिकीट लागतं ते आतल्या काही ठिकाणांना: तळघरं, कॅथेड्रल, घंटाघर, बाप्तिस्मागृह. त्यामुळे ‘दोन तासांत राजवाडा उरकून पुढे जाऊ’ असा बेत असेल, तर तो आधी बदला. निदान एक रात्र इथे मुक्काम करा.

थोडा इतिहास माहीत असला की दगड ओळखीचे वाटू लागतात. सम्राट डायोक्लेशन इथूनच जवळ असलेल्या सलोना भागातला. इ.स. २८४ मध्ये तो सत्तेवर आला आणि ३०५ मध्ये त्याने स्वतःहून सत्ता सोडली. रोमन सम्राटांमध्ये असं जवळपास कुणी केलं नव्हतं. निवृत्तीनंतर राहण्यासाठी त्याने समुद्राला लागून हा राजवाडा बांधून घेतला होता. लांबी-रुंदी साधारण २१५ बाय १८० मीटर, चारी बाजूंना तटबंदी, उत्तरेकडच्या अर्ध्या भागात सैनिक आणि नोकरचाकर, दक्षिणेला समुद्राकडे तोंड करून सम्राटाची दालनं. पांढरा दगड समोरच्या ब्राच बेटावरचा, काही खांब आणि स्फिंक्सच्या मूर्ती थेट इजिप्तमधून आणलेल्या.

सातव्या शतकात अवार आणि स्लाव टोळ्यांनी सलोना उद्ध्वस्त केलं, तेव्हा तिथले लोक आसऱ्याला या तटबंदीच्या आत आले. मालक गेल्यावर एखाद्या मोठ्या वाड्यात पडव्या अडवून, चौक वाटून घेऊन बिऱ्हाडं वाढत जावीत, तसंच इथे झालं. फक्त हे तेराशे वर्षं चाललं आणि त्यातून एक शहर उभं राहिलं. आज रोमन कमानीवर मध्ययुगीन भिंत, तिच्यावर व्हेनिसच्या राजवटीतली खिडकी आणि वर एसीचं यंत्र असं सगळं एकाच नजरेत दिसतं. युनेस्कोने १९७९ मध्ये जागतिक वारसा म्हणून राजवाड्यासह हे सगळं जुनं शहर नोंदवलं, ते मला अगदी योग्य वाटतं.

सुरुवात तळघरांपासून करा, असं मी आग्रहाने सांगेन. बहुतेक जण थेट वरच्या चौकात जाऊन फोटो काढतात आणि तळघरं वेळ उरला तर बघतात. पण सम्राटाची वरची दालनं आता जवळपास उरलेली नाहीत, त्यांच्या जागी घरं झाली. खालची तळघरं मात्र वरच्या दालनांचं वजन पेलण्यासाठी त्यांच्याच आराखड्यावर बांधलेली होती. म्हणजे खालच्या एकेका खोलीत उभं राहिलं की वर काय होतं, केवढं होतं, हे कळतं. ही तळघरं टिकली त्याचं कारण मोठं विलक्षण आहे. वरच्या घरातल्या लोकांनी शतकानुशतकं जमिनीला भोकं पाडून कचरा आणि सांडपाणी खाली सोडलं. खोल्या छतापर्यंत भरून गेल्या आणि त्या भरावानेच त्या जपल्या. बराचसा भाग दुसऱ्या महायुद्धानंतर उपसून मोकळा केला गेला. आत मध्ययुगातला तेलाचा घाणाही ठेवलेला आहे.

समुद्राकाठच्या रिवा नावाच्या रस्त्यावरून दक्षिण दरवाज्यातून शिरलं की तळघरांचा मधला मार्ग लागतो. या मार्गावर वस्तू विकणारी दुकानं आहेत आणि तेवढा भाग फुकट आहे. बरेच जण तोच पाहून ‘तळघरं झाली’ म्हणून वर जातात. खरी दालनं दोन्ही बाजूंना, तिकिटाच्या पलीकडे आहेत. आणखी एक गोष्ट रिवावर उभं राहूनच बघून घ्या. मूळ समुद्र थेट या भिंतीपर्यंत होता, नावा दरवाज्यालाच लागायच्या. रिवाची जमीन नंतर भर घालून केलेली आहे. कॅफेच्या छत्र्यांवरून नजर वर नेली की सम्राटाच्या समुद्राकडच्या लांब सज्जाचे अर्धस्तंभ भिंतीत अजून दिसतात.

मधल्या मार्गाच्या टोकाला पायऱ्या चढलात की पेरिस्टाइल. खांबांच्या ओळींनी वेढलेला हा चौक राजवाड्याचं काळीज आहे. पूर्वेला अष्टकोनी इमारत दिसते ते सेंट डोम्नियसचं कॅथेड्रल. स्थानिक लोक त्याला ‘स्वेती दुये’ म्हणतात. माझ्या दृष्टीने स्प्लिटमधली सगळ्यात थरारक जागा हीच. कारण ही इमारत मुळात डायोक्लेशनने स्वतःसाठी बांधलेली समाधी होती. ख्रिश्चनांचा रोमन साम्राज्यातला सगळ्यात मोठा छळ त्याच्याच काळात, इ.स. ३०३ पासून सुरू झाला. सलोनाचा बिशप डोम्नियस त्यात मारला गेला. पुढे सम्राटाची शवपेटी नाहीशी झाली, तिचं काय झालं हे कोणालाच ठाऊक नाही. आणि तिच्या जागी त्या बिशपच्या नावाचं चर्च झालं. आत घुमटाखालच्या नक्षीपट्टीत दोन गोल चौकटींत चेहरे कोरलेले आहेत, ते डायोक्लेशन आणि त्याची पत्नी प्रिस्का यांचे असावेत असं मानतात. तिथे उभं राहून ते चेहरे शोधा. माझी आई देवळात बसावी तशी तिथे बाकावर बराच वेळ बसून होती, मीही घाई केली नाही.

कॅथेड्रलचे लाकडी दरवाजे चुकवू नका. आंद्रिया बुविना या कारागिराने १२१४ मध्ये अक्रोडाच्या लाकडात येशूच्या आयुष्यातले २८ प्रसंग कोरले. आठशे वर्षांचं लाकूड आणि तरी माणसांच्या हातांतली लगबग कळते. शेजारचं घंटाघर सुमारे ५७ मीटर उंच आहे. वर जाताना पायऱ्या आधी दगडी आणि अरुंद, मग उघड्या लोखंडी. उंचीची भीती असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर वर जाऊ नका. खालून बघण्यासारखं पुष्कळ आहे. आई खालीच काळ्या दगडाच्या स्फिंक्सजवळ थांबली. तो स्फिंक्स डायोक्लेशनहून सतराशेच्या वर वर्षांनी जुना, इजिप्तचा राजा तिसरा थुटमोस याच्या काळातला!

समोरच्या अरुंद बोळातलं ज्युपिटरचं देऊळ छोटं आहे, ते आता बाप्तिस्मागृह आहे. आत जाऊन मान वर करा. दगडी छतातला प्रत्येक चौकोन नक्षीने भरलेला आहे. दहा मिनिटं पुरतात. उत्तरेच्या सुवर्णद्वाराबाहेर शिल्पकार इव्हान मेश्त्रोविचने घडवलेला बिशप ग्रगूर निन्स्कीचा प्रचंड पुतळा आहे, त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावायला रांग असते.

पेरिस्टाइलच्या दक्षिणेला, वरचं छत कोसळलेल्या गोल दालनात दिवसा क्लापा गाणारे उभे असतात. वाद्याशिवाय, अनेक आवाजांत गायची ही दाल्मेशिया या किनारी प्रदेशाची परंपरा २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. त्या गोल भिंतींत आवाज असा भरतो की पाय निघत नाही. ऐकलंत तर टोपलीत काहीतरी जरूर टाका.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि चलनही युरो झालं आहे. म्हणजे भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसाच लागेल. त्याच व्हिसावर इटली किंवा ऑस्ट्रिया जोडता येतं. विमानतळ त्रोगिरच्या बाजूला आहे, तिथून बस मिळते. बसस्थानक, रेल्वे स्टेशन आणि बेटांकडे जाणाऱ्या बोटींचा धक्का हे तिन्ही एकमेकांना लागून, राजवाड्यापासून चालत काही मिनिटांवर आहेत. बॅगा ठेवायची सोयही तिथेच आहे.

राजवाड्याच्या आत राहायला खोल्या मिळतात, पण बुकिंगआधी दोन गोष्टी विचारा: खोली कितव्या मजल्यावर आणि खाली बार आहे का. आत गाडी जात नाही, लिफ्ट क्वचितच असते आणि उन्हाळ्यात बोळांमधला गोंगाट मध्यरात्रीनंतरही चालतो. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर भिंतीबाहेर, पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर राहणं सोयीचं. फरसबंदी शतकानुशतकं पायांनी घासून गुळगुळीत झाली आहे, पाऊस पडला की घसरते. रबरी तळव्याचेच बूट घाला. कॅथेड्रलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पोहण्याच्या कपड्यांत जुन्या शहरात फिरलात तर दंड होतो.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि क्रूझची गर्दी दोन्ही असह्य असतात. मे, जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर चांगला. ७ मे हा स्वेती दुयेचा उत्सव, त्या दिवशी सगळं शहर रस्त्यावर असतं. कोणत्याही महिन्यात जा, पण पेरिस्टाइलला एकदा सकाळी सातच्या आत जा. तेव्हा तिथे फक्त झाडूवाले आणि कामावर निघालेले रहिवासी असतात.

शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही. बटाटा घालून केलेली ‘ब्लित्वा’ ही पालेभाजी जवळपास सगळीकडे मिळते, आणि त्याच पाल्याचं सारण भरलेली ‘सोपार्निक’ ही पातळ पोळी पोटभर होते. पूर्वेच्या रौप्यद्वाराबाहेर पाझार नावाचा बाजार सकाळी भरतो, तिथली अंजिरं आणि चीज घ्या. मासेखाऊंनी पश्चिमेकडच्या मासळीबाजारात सकाळी लवकर चक्कर मारावी. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

जास्तीचा दिवस असेल तर बेटांआधी सलोनाचा विचार करा. शहरातल्या बसने सलोनाशेजारच्या सोलिनला उतरलं की ऑलिव्हच्या झाडांमध्ये पडलेलं जुनं रोमन शहर, त्याचं अँफिथिएटर आणि ख्रिश्चन दफनभूमी बघता येते. सावली कमी, म्हणून टोपी आणि पाणी घेऊन सकाळीच निघा. आणि पुढे दुब्रोव्हनिकला बसने जाणार असाल तर तिकीट काढताना बस पेल्येशाट्सच्या पुलावरून जाते का, हे विचारून घ्या. २०२२ मध्ये तो पूल सुरू झाल्यापासून बोस्नियाची हद्द ओलांडावी लागत नाही. एकदाच प्रवेशाची मुभा असलेला शेंगेन व्हिसा असेल तर हे विचारणं फार गरजेचं आहे, कारण एकदा हद्दीबाहेर पडलात तर परत आत येता येणार नाही.