आता सोपं झालंय

जानेवारीतली गोष्ट. आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते, थायरॉइडचं नेहमीचं. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "जुलैचा दाखवा बरं." मी तयारच होते. माझ्या फोनमध्ये 'घर' नावाचा फोल्डर, त्यात 'आई', आणि आईच्या आत 'रक्त', 'डोळे', 'गुडघे'. (हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आई म्हणाली होती, "मला असं सुटं सुटं करून ठेवलंस होय!") चार टिचक्या मारल्या की रिपोर्ट हजर. निदान आदल्या आठवड्यापर्यंत तरी.

'घर' उघडलं तर घर भुईसपाट. आतल्या खोल्याच गायब. फोटोंच्या ॲपने रात्रीतून स्वतःला अपडेट करून घेतलं होतं आणि फोल्डरच्या पोटात फोल्डर ठेवायची सोय काढून टाकली होती. आता सगळं एका रांगेत, तारखेप्रमाणे. आईचा एक्स-रे, त्याला खेटून गणपतीच्या मखराची झालर, मग मिक्सरचं वॉरंटी कार्ड, मग स्नेहसंमेलनात मोर झालेली भाची. वर एक रंगीत पट्टी: 'आता फोटो शोधणं आणखी सोपं!' आणि त्याखाली ॲपने आपणहून तयार केलेली एक 'आठवण'. मागे हळुवार पियानो, आणि पडद्यावर सावकाश मोठं होत जाणारं आईचं लिपिड प्रोफाइल.

भिंगाच्या चिन्हावर जाऊन 'रिपोर्ट' लिहिलं. भाचीचं प्रगतिपुस्तक आलं. 'थायरॉइड' लिहिलं, काहीच आलं नाही. पुढचा पेशंट दारात येऊन घसा खाकरायला लागला. तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, त्या दिवशी नाही का पाऊस होता, रिक्षा बंद पडली?" त्या रिक्षाचा मी फोटो काढला होता, गुडघाभर पाण्यात उभी असलेली. बोटाने रेटत रेटत जुलैपर्यंत गेले. रिक्षा सापडली आणि रिक्षाशेजारी रिपोर्ट.

घरी येताना तेच डोक्यात. शोधायचं म्हटलं की नाव माहीत लागतं. पण नाव आठवत नाही म्हणून तर आपण वस्तू जागेवर ठेवतो! वीज गेली की काडेपेटी आपल्याला आठवत नाही, हाताला आठवते. यंत्राला मात्र क्रम म्हणजे नावाचा, तारखेचा नाहीतर आकाराचा. त्यातला नावाचा क्रमही आपला असेल असं नाही. साध्या युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या आकड्याच्या, क्रमाने लावलं तर 'ळ' जाऊन 'ल'च्या मागे बसतो आणि 'क्ष', 'ज्ञ' अनुक्रमे 'क' आणि 'ज' यांच्या घरात राहायला जातात. आमच्या बालवाडीच्या बाईंनी ही रांग पाहिली असती तर पट्टी काढली असती. म्हणून तर माणसं फाइलच्या नावापुढे ०१, ०२ लावतात, नाहीतर एए, एएए. ऑफिसात माझ्या एका सहकाऱ्याचा सगळ्यात महत्त्वाचा फोल्डर पाच ए लावून वर चढवलेला होता. नाव वाचताना बाहेरच्या माणसाला वाटायचं, कुणीतरी दुखल्यावर ओरडतंय.

या संगणकाने फाइल, फोल्डर, कचऱ्याची टोपली हे सगळं सामान आपल्याच ऑफिसातून उचललं. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला, त्याच्या पडद्यावर टेबल मांडलेलं होतं आणि टेबलावर फोल्डरची चित्रं. हेतू असा की माणसाला ओळखीचं वाटावं. वाटलंही. आपल्याकडे तर त्याहून जुनी ओळख: पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद 'रुमाला'त, म्हणजे कापडाच्या गाठोड्यात, बांधून ठेवलेले. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, ते असले रुमाल सोडूनच. गाठ मारणारा कारकून केव्हाच गेला, रुमाल राहिला. रात्रीतून अपडेट होऊन सगळे रुमाल सुटलेत आणि कागद तारखेप्रमाणे जमिनीवर पसरलेत, असं काही बिचाऱ्या सरदेसायांना बघावं लागलं नाही.

पडद्यावर मात्र हे चालूच असतं. ॲपलच्या मॅक संगणकावर १९९१ पासून फाइलींना रंग देता यायचा. २००१ मध्ये मॅकची प्रणाली नवीन आली तेव्हा ही सोय तिच्यात नव्हतीच. २००३ ला परतली, फाइलच्या अख्ख्या नावाला रंगाचं लुगडं नेसवून. २०१३ मध्ये ते लुगडंही गेलं आणि त्या जागी रंगाची एक टिकली उरली. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत फोल्डर उघडून आतली चिन्हं हवी तिथे मांडता यायची, महत्त्वाची वर, कंटाळवाणी कोपऱ्यात. २००९ च्या विंडोज ७ ने ती मुभा काढली आणि चिन्हांना शाळेच्या प्रार्थनेसारखं रांगेत उभं केलं. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये खालच्या पट्टीवर उघड्या फाइलींची नावं सुटी सुटी दिसायची बंद झाली. लोकांनी इतकी ओरड केली की २०२३ मध्ये ती परत आली, आणि कौतुक असं की ती 'नवीन सोय' म्हणून आली.

गूगल ड्राइव्हचा बदल मला त्यातल्या त्यात जास्त लागतो. तिथे एकच फाइल दोन फोल्डरांत ठेवता यायची. ३० सप्टेंबर २०२० पासून नव्याने तसं ठेवणं बंद झालं, त्याऐवजी शॉर्टकट आले, म्हणजे मूळ फाइलकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या पाट्या. एक फाइल, एक जागा. हिशेबाला हे बरोबरच आहे, दोन जागी असलेली वस्तू पुसली तर नक्की कुठून पुसायची हा घोळ असतोच. पण शाळेच्या फीची पावती 'शाळा'तली की 'इन्कम टॅक्स'मधली? माहेरवाशीण एकाच घरची असते का?

बनवणाऱ्यांची बाजू मला कळते, अगदीच कळत नाही असं नाही. प्रत्येक सोय म्हणजे सांभाळायचं एक जनावर, त्याला रोज चारा-पाणी, प्रत्येक नव्या फोनवर नवी तपासणी. सगळं पाडून पायापासून बांधायला घेतलं की जुन्या घरातला एखादा कोनाडा नव्या नकाशात येत नाही. शिवाय तो कोनाडा वापरणारे असतात किती? त्यांच्याकडे आकडा असतो, आणि त्या आकड्यात आम्ही चिमूटभर. चिमूटभर मीठही असतं, पण असो.

आणि माझी भाची आहेच त्यांच्या बाजूने. तिच्या फोनमध्ये हजारभर स्क्रीनशॉट एका ढिगात पडलेले असतात, त्यातून हवा तो ती माझ्या डोळ्यांदेखत काढते. "आत्या, कशाला लावत बसतेस? सर्च कर ना." तिला फोल्डर नावाची वस्तूच आजीच्या फडताळासारखी वाटते, बघायला छान. मी ग्राहकसेवेला लिहिलेली तक्रारही तिने वाचली आणि म्हणाली, "एवढं मोठं?" तिकडून उत्तर आलं तीन ओळींचं: आपला अनुभव अधिक सोपा करण्यासाठी. मी वैतागून फोन सोफ्यावर टाकला.

हे सगळं आई ऐकत होती, भाजी निवडत. म्हणाली, "तू तरी काय केलंस माझ्या पिशव्यांचं?"

आईच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक खुंटी आहे. तिच्यावर साड्यांच्या दुकानांच्या पिशव्या: लाल पिशवीत दवाखाना, निळीत बँक, हिरवीत घरपट्टी आणि लाईटबिलं. तीन-चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी त्या सगळ्या उतरवल्या, सोसायटीजवळच्या दुकानातून बारा कप्प्यांची प्लॅस्टिकची फाइल आणली, प्रत्येक कप्प्याला इंग्रजी अक्षरात चिठ्ठी चिकटवली, आणि तिच्या हातात देऊन म्हणाले होते, "घे आई, आता सोपं झालंय." अगदी हेच शब्द. खाली पियानो तेवढा वाजवायचा राहिला. तिला गॅसचं पुस्तक पंधरा दिवस सापडलं नाही. तिने तक्रार केली नाही, नुसती गप्प राहिली, आणि मी समजले की तिला सवय झाली. पाडव्यानंतर केव्हातरी पिशव्या पुन्हा खुंटीवर आल्या. बारा कप्प्यांत आता तिची भरतकामाची रेशमं आहेत, रंगवार लावलेली, आणि तिथे मला हात लावायची परवानगी नाही.

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून जुलैच्या आणि जानेवारीच्या रिपोर्टच्या प्रती काढून आणल्या. आईने घड्या घातल्या, खुंटीपाशी गेली आणि हिरव्या पिशवीत ठेवल्या.

"अगं आई, ती घरपट्टीची."

"मग? डॉक्टरांनी आता मे महिन्यात बोलावलंय ना. घरपट्टी भरायला मी पिशवी काढणारच आहे तेव्हा."