आमची वाटचाल: पांढऱ्या सुटाचे 252 तुकडे

बाबांच्या छापखान्यात खिळे (छपाईची सुटी धातूची अक्षरं) जुळवायला दोन माणसं होती. बडोद्याच्या दांडिया बाजारातली अरुंद जागा, पुढे दोन ट्रेडल (छोटी छपाई यंत्रं), मागे खिळ्यांचे खण, आणि लग्नसराईत अर्ध्या मराठी, अर्ध्या गुजराती पत्रिकांचा ढीग. खिळे न लागणाऱ्या ऑफसेट छपाईने तो धंदा खाल्ला. खिळे वजनावर गेले. एक ट्रेडल मात्र बाबांनी विकलं नाही. त्यावर डाय (धारदार पट्ट्यांचा कापायचा साचा) चढवून मिठाईच्या खोक्यांचं पंचिंग सुरू केलं. माझं शिक्षण त्या खोक्यांवर झालं.

जिगसॉचं, म्हणजे तुकडे जुळवून चित्र पुरं करायच्या खेळाचं, खूळ माझं. सुरुवात शाळांसाठी गुजरातच्या नकाशाने केली, जाड जाड 24 तुकडे. (या खेळाचा उगमही नकाशातच आहे. 1760 च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने लाकडावर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवरून कापले, मुलांना भूगोल शिकवायला.) नकाशे बरे खपले. मग मला मोठ्यांसाठी काही करायचं होतं, आणि तेही बडोद्याचं. राजवाड्याचे फोटो सगळेच छापतात.

अमेरिकन लेखक मार्क ट्वेन बडोद्याला येऊन गेला होता, हे मला तेव्हा कळलं. 1896 चा जानेवारी संपत आला होता. सयाजीराव महाराजांकडे लक्ष्मीविलास राजवाड्यात त्याचं व्याख्यान झालं, तो हत्तीवर बसला, सोन्याचांदीच्या तोफा पाहिल्या, आणि पुढे प्रवासवर्णनात हे सगळं लिहिलं. त्याचा बडोद्यातला फोटो काही मला मिळाला नाही. म्हणून न्यूयॉर्कला ए. एफ. ब्रॅडलीने 1907 मध्ये काढलेला, पांढऱ्या सुटातला फोटो घेतला. त्या फोटोचा कॉपीराइट हक्क केव्हाच संपलाय. गंमत अशी की 1906 च्या डिसेंबरात हा गृहस्थ अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे असाच पांढरा सूट घालून गेला होता, आणि मागणी होती लेखकांचा हक्क आणखी वर्षं टिकावा ही!

त्याच सुमारास मी कर्ज काढून लेसर मशीन घेतलं. विकणाऱ्याने नमुना कापून दाखवला तो गडद निसर्गचित्राचा. त्यावर डाग कुठे दिसणार? 3 मिलिमीटरच्या एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) ट्वेन चिकटवून कापला, तर प्रत्येक कापाच्या कडेला धुराची तपकिरी रेघ. पांढरा सूट जणू चहात बुडवून काढलेला. वरून मास्किंग पेपर लावला तर डाग थांबले, पण तो कागद 252 तुकड्यांवरून नखाने सोलायचा. दिवसाला तीन पझल व्हायची. डबा उघडला की जळक्या लाकडाचा वास. पहिल्या खेपेतले निम्मे डबे परत आले आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला.

एका रात्री मी बाबांना सांगत होते की ट्वेन जगभर व्याख्यानं देत फिरला तो हौसेने नव्हे. जेम्स पेज नावाच्या माणसाच्या खिळे जुळवणाऱ्या यंत्रात त्याने अमाप पैसा घातला, प्रकाशनसंस्थाही बुडाली, 1894 ला दिवाळं निघालं. ते कर्ज फेडायला हा दौरा. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्याला खिळ्यांनी बुडवलं. आणि तुला लेसरने."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रेडलवरचं कापड काढलं.

252 तुकडे एका दाबात कापायची त्या मशीनची ताकद नाही. बाबांनी दोन डाय करायला सांगितल्या: एकीत फक्त आडव्या नागमोडी रेघा, दुसरीत उभ्या. पुठ्ठा दोनदा जातो, दाब निम्मा पुरतो. मोठ्या कारखान्यांतही पूर्वी असंच करत, हे मी नंतर वाचलं; बाबांनी ते खोक्यांवरून ताडलं होतं. पट्ट्यांच्या मधल्या रबराची जाडी बसवायलाच तीन आठवडे गेले. रबर कमी पडलं की तुकडे डायमध्येच अडकून बसत.

छपाईतही एक धडा मिळाला. चार रंगांत काळं छापलं की ट्वेन हिरवट दिसतो, आजारी. आता एकाच काळ्या शाईत छापतो. सुटाचा पांढरा भाग उजळायचा मोहही टाळला. घड्यांच्या फिक्या सावल्या गेल्या तर जुळवणाऱ्याला धरायला काही उरत नाही. तरीही सत्तरएक तुकडे नुसते पांढरे आहेत. त्यावरून शिव्याही येतात, आणि पुढची ऑर्डरही त्याच लोकांची येते.

तुकडा हरवल्याची तक्रार मात्र खरी डोकेदुखी. सोनाराचा काटा आणून प्रत्येक पिशवी तोलायला लागलो. उन्हाळ्यात झकास जमलं. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, वजन वाढतं, आणि एक तुकडा कमी असला तरी काटा पुरेसं दाखवतो. आता जून ते सप्टेंबर आई आणि पंचिंगवाले काका परातीत ओतून मोजतात. मागच्या श्रावणात डावा डोळा ट्रेडलखाली सापडला, पार्सल निघायच्या दहा मिनिटं आधी.

लेसरवर सध्या दारावरच्या नावाच्या पाट्या होतात. अजून सात हप्ते आहेत.